क्रूझ बंदराला लागली की हातात खरंच एक दिवस असतो का? मार्सेयच्या उदाहरणावरून समजून घ्या

सुरत-धुळे महामार्गावर विसरवाडीला एसटी थांबली की कंडक्टर ओरडतो, "दहा मिनिटं!" कुणी चहाला उतरतं, कुणी भज्यांच्या गाडीकडे वळतं, कुणी तोंडावर पाणी मारून घेतं. निघताना कंडक्टर मागे वळून सीटा बघतो. एखादा राहिलाच असेल तर दोन हाका मारतो आणि मगच डबल बेल देतो. त्यातूनही गाडी चुकली तरी फार बिघडत नाही. मागून दुसरी येते.

भूमध्य समुद्रातली क्रूझ बंदराला लागते तेव्हा मामला बराचसा असाच असतो. हजारो प्रवासी खाली उतरतात, गाव बघतात, खातात-पितात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत चढतात. फरक एकच आहे. जहाज तुमच्यासाठी हाका मारत बसत नाही आणि मागून दुसरं जहाज येत नाही.

इन्स्टावर क्रूझची रील बघितली की सगळं सोपं वाटतं. सकाळी बार्सिलोना, दुसऱ्या दिवशी मार्सेय, तिसऱ्या दिवशी रोम. आता आपल्याकडच्या टूर कंपन्याही असे पॅकेज विकतात आणि रिटायर झालेले आई-बाबा, हनिमूनला निघालेली जोडपी, परदेशात नोकरी करणारी मुलं अशा सगळ्या प्रकारची मराठी माणसं त्यावर जातात. पण "बंदरावर एक दिवस" म्हणजे नेमके किती तास, त्या तासांत काय जमतं, कायद्याच्या नजरेत तुम्ही तेव्हा कुठे असता आणि जहाज चुकलं तर काय होतं, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. तेच इथे बघू.

उदाहरणासाठी फ्रान्समधलं मार्सेय घेऊ. एक तर पश्चिम भूमध्य समुद्रातल्या अनेक क्रूझ इथे थांबतात. दुसरं म्हणजे हे बंदर मराठी माणसाला आधीपासून माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला "मार्सेलिस" म्हणून वाचलंय.

आधी हे बघा: ब्रोशरमधलं शहर आणि खरं बंदर

क्रूझचं जहाज शक्यतो रात्री चालतं आणि दिवसा थांबतं. म्हणूनच सात रात्रींत पाच-सहा शहरं दाखवता येतात. पण जहाज समुद्रातच थांबणार आणि प्रसिद्ध शहरं प्रत्येक वेळी समुद्राला लागून नसतात. त्यामुळे ब्रोशरवर मोठ्या अक्षरात शहराचं नाव असतं आणि बंदराचं नाव बारीक अक्षरात. शिर्डी सांगून मनमाडला उतरवावं, तसा हा प्रकार.

- रोम म्हणजे प्रत्यक्षात चिविताव्हेक्किया हे बंदर. तिथून रोम सुमारे ७० किलोमीटर. ट्रेनने साधारण तासभर.
- फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया. लिव्होर्नोपासून फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटर.
- अथेन्स म्हणजे पिरेअस. हे जवळ आहे, साधारण १० किलोमीटर, आणि मेट्रोही आहे.
- नेपल्स आणि बार्सिलोना ही सोयीची बंदरं. धक्क्यापासून शहर जवळच.
- सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही. ते समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटी प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. याला टेंडरिंग म्हणतात. खाली उतरल्यावर कड्यावरच्या गावात जायला केबल कार, नाहीतर सुमारे ५८० पायऱ्या. केबल कारची रांग हाच तिथला खरा वेळखाऊ प्रकार.

म्हणून पॅकेज घेताना पहिला प्रश्न "कोणती शहरं?" असा न विचारता "कोणती बंदरं, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?" असा विचारायचा.

नऊ तासांचे पावणेपाच तास कसे होतात?

समजा तुमच्या वेळापत्रकात लिहिलंय, मार्सेय, सकाळी ८ ते संध्याकाळी ५. म्हणजे नऊ तास. आता हिशोब मांडू.

जहाज ८ वाजता धक्क्याला लागलं म्हणजे लगेच दार उघडलं असं नाही. बंदराच्या अधिकाऱ्यांची मंजुरी मिळाली की प्रवासी सोडतात. त्यात आधी जहाजाच्या सहलींचे ग्रुप, मग बाकीचे. साडेआठ सहज होतात. मार्सेयचं क्रूझ टर्मिनल शहराच्या मध्यात नाही. ते उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवर, मालवाहू गोदीच्या भागात आहे. तिथून शटल किंवा शहर बस पकडून जुन्या बंदराच्या चौकात पोहोचेपर्यंत पावणेदहा.

आता उलट बाजूने मोजा. जहाज ५ वाजता सुटणार असेल तर प्रवाशांनी त्याआधीच चढायचं असतं. या वेळेला "ऑल अबोर्ड" म्हणतात आणि ती साधारण अर्धा ते एक तास आधीची असते. म्हणजे साडेचार धरा. त्याआधी एक तास हातचा ठेवायचा, कारण बस अडकू शकते, रस्ता चुकू शकतो, मोर्चा निघू शकतो. म्हणजे साडेतीनला जहाजाच्या दारात. त्यासाठी जुन्या बंदरावरून अडीचला निघायचं.

पावणेदहा ते अडीच म्हणजे पावणेपाच तास. तुमचा "एक दिवस" एवढाच.

यात आणखी एक गोम आहे, घड्याळाची. काही वेळा जहाजाची वेळ आणि त्या देशाची वेळ वेगळी असते. इटलीहून ग्रीसला गेलात तर वेळ एक तास पुढे जाते. तुमचा मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो, जहाज मात्र कधी कधी स्वतःचीच वेळ चालू ठेवतं. केबिनमध्ये रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं, नाहीतर ॲपवर दिसतं. उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावर सुटण्याची वेळ असते आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबरही असतो. हा नंबर का लागतो ते पुढे येईलच.

या पावणेपाच तासांत मार्सेयमध्ये काय जमतं?

मार्सेय हे फ्रान्समधलं सगळ्यात जुनं शहर मानलं जातं. इसवी सन पूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक खलाशांनी ते वसवलं. त्यांनी निवडलेली खाडी म्हणजेच आजचं "जुनं बंदर". तीन बाजूंनी इमारती आणि मध्ये शिडाच्या होड्यांची गर्दी. सकाळी इथे मासळीचे ठेले लागतात. ससून डॉकचा आवाज कानात असलेल्याला हा बाजार फारच शांत वाटेल.

इथून बस पकडून नोत्र दाम द ला गार्द या चर्चला जाता येतं. सुमारे १५० मीटर उंच टेकडीवर हे चर्च आहे आणि मनोऱ्यावर मेरी आणि बाळ येशूचा सोनेरी मुलामा दिलेला भव्य पुतळा आहे. खलाशांची ही देवी. आत छताला जहाजांच्या छोट्या प्रतिकृती टांगलेल्या दिसतात. समुद्रातून सुखरूप परत आलेल्यांनी नवस फेडावा तशा त्या वाहिलेल्या आहेत. वरून सगळं शहर, बंदर आणि बेटं एका नजरेत येतात. आई-बाबा सोबत असतील तर चढ चालत जाऊ नका, बसच बरी.

खाली आल्यावर ल पानिए ही जुनी वस्ती. अरुंद चढउताराच्या गल्ल्या, रंगवलेल्या भिंती, छोटी दुकानं. तिथून चालत सेंट जाँ किल्ला आणि त्याला पुलाने जोडलेलं म्यूसेम हे भूमध्य समुद्राच्या संस्कृतीचं संग्रहालय. हे २०१३ मध्ये उघडलं. संग्रहालयाचं तिकीट न काढताही किल्ल्यात आणि पुलावरून फिरता येतं, समुद्र बघत बसता येतं.

समोर बेटावर शातो दिफ हा तुरुंग दिसतो. अलेक्झांडर द्युमाच्या "काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्टो" या कादंबरीचा नायक इथेच कैद असतो. जुन्या बंदरावरून बोटीने २० मिनिटांत पोहोचता येतं. पण इथे मिस्त्राल नावाचा जोरदार वारा वाहतो आणि तो सुटला की बोटी बंद. बेटावर जायचं असेल तर टेकडी सोडा. दोन्ही करायला गेलात तर जहाज गाठताना धावपळ ठरलेली.

खाण्याचं काय? मार्सेयची ओळख म्हणजे बुयाबेस, म्हणजे अनेक प्रकारच्या माशांचा रस्सा. चांगल्या हॉटेलात तो महाग असतो आणि त्याला वेळही लागतो. शाकाहारी असाल तर "पानीस" शोधा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवायचं, थंड करून घट्ट होऊ द्यायचं, चकत्या कापायच्या आणि तळायच्या. थोडक्यात, आपल्या पाटवडीची तळलेली फ्रेंच बहीण. फक्त फोडणी नाही आणि मिरचीही नाही.

हे बंदर आपल्याला माहीत कुठून?

विमानं येण्याआधी मुंबईहून विलायतेला जायचा रस्ता म्हणजे एडन, सुएझ कालवा, पोर्ट सैद आणि मग मार्सेय. वेळ वाचवायचा असेल तर लोक मार्सेयला जहाज सोडून ट्रेनने फ्रान्स पार करायचे. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी २९ ऑगस्टला मुंबईहून "राजपुताना" जहाजावर बसले आणि ११ सप्टेंबरला मार्सेयला उतरले. तिथून ट्रेन पकडून दुसऱ्या दिवशी ते लंडनला पोहोचले.

त्याआधी १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी भारतीय सैनिक याच बंदरात उतरले होते. २६ सप्टेंबरपासून जहाजं यायला लागली. पंजाबी, गढवाली, गुरखा सैनिकांबरोबर पुण्याच्या खडकीतले बॉम्बे सॅपर्सही होते. महिन्याभरात, २८ ऑक्टोबरला, न्यू शापेलच्या लढाईत त्यांच्या दोन कंपन्यांनी मोठी किंमत मोजली. मार्सेयच्या माझार्ग भागातल्या युद्ध स्मशानभूमीत आजही भारतीय सैनिकांचं स्मारक आहे.

पण मराठी घरात मार्सेय म्हटलं की आठवते ती तारीख ८ जुलै १९१०. विनायक दामोदर सावरकरांना लंडनमध्ये अटक करून खटल्यासाठी "मोरिया" जहाजातून भारतात आणलं जात होतं. जहाज ७ जुलैला मार्सेयला लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सावरकर शौचालयाच्या पोर्टहोलमधून, म्हणजे जहाजाच्या गोल खिडकीतून बाहेर पडले, पोहत किनाऱ्याला लागले आणि धावत सुटले. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि परत ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. ९ जुलैला जहाज निघून गेलं.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू झाली. प्रश्न असा होता की त्यांचा पाय फ्रान्सच्या जमिनीवर पडला होता. मग तिथे फ्रान्सचा कायदा लागू होता. फ्रान्सच्या पोलिसाने प्रत्यार्पणाची कुठलीही प्रक्रिया न करता त्यांना परत जहाजावर कसं दिलं? फ्रान्समध्ये गदारोळ झाला आणि दोन्ही देशांनी प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे नेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला. सोपवण्याच्या पद्धतीत अनियमितता झाली, पण त्यामुळे सावरकरांना फ्रान्सला परत देण्याचं बंधन ब्रिटनवर येत नाही, असं लवादाने म्हटलं. तोपर्यंत मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा सुनावल्या गेल्या होत्या. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात हा खटला आजही वाचला जातो.

सहलीच्या लेखात हे का सांगतोय? कारण जहाजावरून धक्क्यावर टाकलेलं एक पाऊल किती मोठं असतं हे यातून कळतं. तेव्हा प्रश्न एका कैद्याच्या स्वातंत्र्याचा होता, आज तुमच्या सुट्टीचा आहे. पण तत्त्व तेच. जहाजाच्या शिडीवरून उतरलात की तुम्ही दुसऱ्या देशात असता. तिथला कायदा, तिथला व्हिसा, तिथले पोलीस.

व्हिसा आणि पासपोर्ट: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

"जहाजावरच तर राहणार, व्हिसा कशाला?" असं अनेकांना वाटतं. भारतीय पासपोर्टवर हे चालत नाही. स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस, माल्टा आणि २०२३ पासून क्रोएशिया हे सगळे शेंगेन देश आहेत. त्यांच्यासाठी एकच शेंगेन व्हिसा लागतो.

पण क्रूझचा मार्ग मध्येच शेंगेनच्या बाहेर जात असेल, म्हणजे तुर्कस्तान, ट्युनिशिया किंवा माँटेनेग्रोला थांबून परत इटली-ग्रीसला येत असेल, तर सिंगल एंट्री व्हिसा पुरत नाही. बाहेर पडलात की तो संपला. अशा वेळी मल्टिपल एंट्री लागतो आणि त्या बाहेरच्या देशाचे नियम वेगळे बघावे लागतात. व्हिसाच्या अर्जाला क्रूझचं पूर्ण वेळापत्रक जोडा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. क्रूझ चुकल्याचा खर्च त्यात येतो का, ते पॉलिसीत वेगळं तपासा.

काही जहाजांवर पासपोर्ट रिसेप्शनला जमा करून घेतात. तसं असेल तर पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स खिशात आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पासपोर्ट तुमच्याकडेच असेल तर खिसेकापूंपासून सांभाळा. तो हरवला तर पोलिसांत तक्रार करून भारतीय दूतावासाकडे जावं लागतं. तातडीने मिळतं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट, आणि ते फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं. म्हणजे क्रूझ तिथेच संपली. मार्सेयमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताचं वाणिज्य दूतावास सुरू झालं आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा.

जहाज चुकलंच तर?

पहिली गोष्ट, कुणाची सहल घेतली होती यावर बरंच अवलंबून आहे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज साधारणपणे थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. म्हणूनच त्या सहली महाग असतात. स्वतः फिरायला गेलात तर पैसे वाचतात, पण उशिराची जबाबदारी तुमची.

सोपा नियम असा ठेवा. शहर बंदराला लागून असेल, जसं नेपल्स, बार्सिलोना, मार्सेय, तर स्वतः फिरा. रोम किंवा फ्लॉरेन्ससारखं लांब असेल आणि युरोपात पहिल्यांदाच गेला असाल, तर जहाजाची सहल घ्या.

तरीही चुकलंच तर घाबरून जहाजामागे धावू नका. पत्रकावरच्या पोर्ट एजंटला फोन करा. तुम्ही आला नाहीत हे जहाजाला लगेच कळतं, कारण चढताना-उतरताना प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं. पासपोर्ट केबिनमध्ये राहिला असेल तर अनेकदा कर्मचारी तो शोधून एजंटकडे देऊन जातात. त्यानंतर स्वतःच्या खर्चाने ट्रेन किंवा विमानाने पुढचं बंदर गाठायचं. पुढचं बंदर शेंगेनमध्ये असेल तर हे जमतं. नसेल तर पुन्हा व्हिसाचा प्रश्न. म्हणून उतरताना एक चालू कार्ड, थोडे रोख युरो आणि रोजची औषधं जवळ असलीच पाहिजेत. शुगर-बीपीच्या गोळ्या केबिनमध्ये ठेवून जाऊ नका.

मोबाइलचंही एक. समुद्रात असताना फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुतेक वेळा नसतं. जहाजावर एअरप्लेन मोड, किनाऱ्यावर रोमिंग.

आणि त्या गावाला आपण कसे वाटतो?

एका सकाळी तीन-चार जहाजं आली की छोट्या गावात दहा-पंधरा हजार माणसं उतरतात, चार तास गर्दी करतात आणि जेवायला परत जहाजावर जातात. त्यामुळे गावाच्या वाट्याला गर्दी जास्त आणि कमाई कमी, अशी तक्रार भूमध्य किनाऱ्यावर सगळीकडे आहे.

इटलीने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या मुख्य कालव्यातून जायला बंदी घातली. २०२४ मध्ये व्हेनिसने ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. सँटोरिनीने दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा ठरवली. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलं. गर्दीच्या हंगामात सँटोरिनी आणि मिकोनॉससाठी ते २० युरो आहे. मार्सेयमध्ये २०२२ साली खुद्द महापौरांनी जहाजांच्या धुराविरोधात सह्यांची मोहीम काढली होती. १ मे २०२५ पासून संपूर्ण भूमध्य समुद्रात जहाजाच्या इंधनातल्या गंधकावर ०.१ टक्क्याची मर्यादा आली आहे.

म्हणजे पुढच्या काळात बंदरं बदलू शकतात, शुल्क वाढू शकतं. बुकिंग करताना हे शुल्क पॅकेजमध्ये धरलंय का, ते विचारून घ्या. आणि शक्य असेल तर एक जेवण गावातच करा. आपण आलो याचा त्या गावाला तेवढा तरी उपयोग.

आपल्या धक्क्यावरही हेच

हे सगळं फक्त युरोपपुरतं नाही. मुंबईत बॅलार्ड पिअरला सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्याची क्षमता वर्षाला १० लाख प्रवाशांची आहे. तिथे उतरणाऱ्या परदेशी माणसालाही भारताचा व्हिसा लागतो, त्याच्याही हातात पाच-सहा तासच असतात. एलिफंटाला जायचं तर गेटवेवरून बोटीने तास जायला, तास यायला. सोमवारी गेला तर लेणी बंद. मार्सेयमध्ये आपल्याला पडणारे सगळे प्रश्न त्याला इथे पडतात.

उतरण्याआधी एवढं तपासा

- ऑल अबोर्डची वेळ आणि जहाजाचं घड्याळ.
- पत्रकाचा फोटो, एजंटचा नंबर.
- पासपोर्ट किंवा त्याची झेरॉक्स, व्हिसाचं पान, जहाजाचं कार्ड.
- बँक कार्ड, रोख युरो, दिवसभराची आणि एक दिवस जास्तीची औषधं.
- तो दिवस सुट्टीचा तर नाही? १५ ऑगस्टला फ्रान्स आणि इटलीतही सार्वजनिक सुट्टी असते.
- बघायच्या जागा दोन, फार तर तीन.
- शहरातून निघायची वेळ. ती मोबाइलवर अलार्म लावून ठेवा आणि अलार्म वाजला की समोर कितीही भारी फोटो मिळत असला तरी निघा.